वानीतला घरजावई

वामन, तुझ्या शोकसभेत मला हसू आलं.

आता यात माझा काय दोष, तूच सांग. शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या, तुझ्या फोटोला झेंडूचा हार घातला होता, आणि सरपंच उभे राहून गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "वामनराव म्हणजे शांत, मितभाषी व्यक्तिमत्त्व." मितभाषी! ज्याची हाक नाल्यापलीकडे वखर हाकणाऱ्याला ऐकू जायची, तो मितभाषी! मी पदराचा बोळा तोंडात धरला. शेजारी गोदा बसली होती. रडून रडून तुझ्या बायकोचे डोळे सुजले होते. तिने माझे खांदे हलताना पाहिले आणि तिचेही खांदे हलायला लागले. आम्ही नणंद-भावजय एकमेकींच्या अंगावर पडून अशा काही गदगदून हसलो की बायकांना वाटलं, हुंदका आवरेना. कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवरून हात फिरवला. मग सरपंचांनी तुला "संकरित ज्वारीचे आपल्या गावातले पहिले पुरस्कर्ते" म्हटलं आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

पण सरपंचांनी अर्धीच गोष्ट सांगितली. हायब्रीड गावात आणणाऱ्या याच माणसाने, त्याच वावरात, आपल्या बहिणीच्या देशी ज्वारीच्या कणसांना स्वतःच्या हाताने कुंच्या बांधल्या होत्या, हे काही कोणी बोललं नाही. ती अर्धी गोष्ट माझ्या वाटणीची आहे. म्हणून लिहायला बसले आहे. मी अजून गावातच आहे. आमचे वकीलसाहेब अमरावतीला परतले, हाताने चहा करून घेतात आणि त्यात साखर विसरतात, असं कळलं. विसरू देत. मार्गशीर्ष लागला आहे, हुरडा आला आहे, आणि तुझ्याशी चाललेलं भांडण अर्ध्यावर राहिलं आहे. ते मिटवल्याशिवाय मी अकोल्याची बस धरणार नाही.

तुला आठवतं, माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी वावराच्या मधोमध एक पट्टी माझ्या चोळी-बांगडीसाठी ठेवली? मुलगी शहरात, वकिलाच्या घरात चालली, पण माहेरच्या मातीतून तिच्या अंगावर दर साल एक चोळी आणि हातात बांगडी चढली पाहिजे, ही आपल्याकडची रीत. तू तेव्हा चड्डी सावरत फिरणारा. बाबांना म्हणालास, "कडेले द्या ना पट्टी, मधात काहून?" बाबा म्हणाले, "मधात दिली म्हनजे रोज तिची आठवन येईन तुले." तसंच झालं. पुढे वावर तुझ्या हाती आलं तेव्हा वखर फिरवताना, पेरताना, निंदताना दर वेळी तुला माझ्या पट्टीशी थांबायला लागायचं आणि दर वेळी तू माझ्या नावाने ओरडायचास. सरूबाईचं वावर तुझ्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून, आणि सरूबाईच्या जिभेला हाड नाही. ती म्हणायची, "तुमचा भाऊ देवाचं नाव नाई घेत तितकं तुमचं घेते."

त्या पट्टीत मी दुसरं काही पेरू दिलं नाही. वानीच. बाहेरच्या माणसाला वानी म्हणजे काय ते सांगावं लागतं. ही हुरड्याची ज्वारी, उंच, उशिरा निसवणारी म्हणजे उशिरा कणीस बाहेर काढणारी, कोवळेपणी दुधाने भरलेली. आई त्यातली कणसं निवडायची. ठोकळ कणीस घ्यायची नाही. दाणा दाताखाली धरून, चव पाहून घ्यायची. निवडलेली कणसं जुडी बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगायची. वर्षभराच्या धुराने ती काळपट व्हायची आणि किडा त्यांच्या वाटेला जायचा नाही. आई गेल्यावर जुडी गोदाच्या चुलीवर आली, पण निवड माझी. त्यासाठी मी दर मार्गशीर्षात अमरावतीहून निघायचे, अकोल्याला बस बदलायचे, बार्शीटाकळीला उतरायचे आणि तुझ्या बैलगाडीत बसता बसता आपलं पहिलं भांडण सुरू व्हायचं. बहुतेक वेळा तू उशिरा आलास यावरून.

मग हायब्रीड आलं.

पाऊस दगा देऊन गेला होता, ते दिवस. रेशनवर लाल ज्वारी मिळायची, तिची भाकर थापताना चिरायची आणि गोदा चुलीपुढे बसून पुटपुटायची. ग्रामसेवक सायकलवर बियाण्याची पिशवी बांधून आले आणि तू ऐकता ऐकता असा पेटलास की विचारू नको. मी आले तेव्हा सगळं वावर कमरेच्या वर फारसं आलेलं नव्हतं आणि कणसं मात्र धरून बसलं होतं. माझी वानी त्यात मधोमध डोक्याच्या वर उभी.

मी म्हटलं, "हे काय रे? ज्वारी हाय का गवत?"

"आक्का, तू कनसाकडे पाय. धांड्याकडे काहून पाहून राहिली?"

"धांडा बैल खातेत. त्याईले काय दाखवशीन, कनीस?"

यावर तू ओरडलास. नंतर त्या उन्हाळ्यात माझ्या पट्टीतला वानीचा कडबा तुझ्या बैलांनी खाल्ला, तो तू गुपचूप नेऊन टाकलास, आणि मी गुपचूप पाहिलं. हे मी तेव्हा बोलले नाही. पुढच्या भांडणासाठी ठेवलं होतं.

पाखरांची गंमत तर तुला आठवत असेलच. सगळ्या शिवारात ज्वारी हिरवी आणि तुझं एकट्याचं हायब्रीड पिकायला आलेलं. पंचक्रोशीतल्या चिमण्या, पोपट, सुगरणी, सगळ्यांना खबर लागली. मी दसऱ्याच्या सुट्टीत आले होते, तर तू राखणीच्या माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतोयस, घशाची खरखर झाली आहे आणि पाखरं तुझ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मी पदर खोचला आणि वर चढले. वकिलाची बायको, केस पिकायला लागलेले, गोफण हातात! लहानपणी माझा नेम तुझ्यापेक्षा चांगला होता. पहिला दगड मी असा सोडला की तो थेट धुऱ्यावर उभ्या असलेल्या ग्रामसेवकांच्या सायकलीच्या मडगार्डावर जाऊन वाजला. ते बिचारे तुझ्या यशाची पाहणी करायला आले होते. ते ओरडत आले, "अहो वामनराव, मी चिमणी नव्हे!" तू माळ्यावर बसलास आणि इतका हसलास की माळा हलायला लागला, मला खांबाला धरून बसावं लागलं. तेवढ्या वेळात पाखरांनी एक कोपरा साफ केला.

कापणीच्या वेळी पावसाने पुन्हा गाठलं, दाणा काळा पडला. तरी कणग्या भरल्या. हे मला मान्य करायलाच हवं, आणि तेव्हाही मी केलं होतं. त्या वर्षी आपल्या घरातून कोणी रेशनच्या रांगेत उभं राहिलं नाही. सरूबाईच्या घरीही तूच पायलीने ज्वारी पोचवलीस. मी हायब्रीडचा हुरडा चाखला आणि थुंकला, चिवट, बेचव, दुधाचं नाव नाही. म्हटलं, "हे मानसानं खायचं?" तू पहिल्यांदाच आवाज न चढवता बोललास. म्हणालास, "आक्का, तुई वानी दोन सांजा खायाले. बाकी बारा महिने भाकर लागते. तू शहरात राह्यते, तुले हुरडा आठवते. गोदाले रिकामी कनगी आठवते."

ते वाक्य मला लागलं आणि आवडलंही. तू मला घाबरत नाहीस याचा मला नेहमीच अभिमान वाटत आला आहे.

दुसऱ्या वर्षी मात्र देवाने आपल्या दोघांचंही सारखंच हसं केलं. तुझं आधी सांगते. आपल्या घराण्यात बियाणं विकत आणायची चाल नाही. आईचा तसा दंडक. बियाणं घरचं, निवडून, धुरावलेलं. तू हायब्रीडचीही तशीच कणसं निवडलीस. एकेक कणीस हातात घेऊन, फिरवून, पारखून. गोदाने ती वानीच्या जुडीशेजारी टांगली. ग्रामसेवक म्हणाले होते, हायब्रीडचं बियाणं दर साली नवं घ्यावं लागतं. तू म्हणालास, "आमच्या घरी निवडलेलं बियानं आजवर फसलं नाई." आणि पेरलंस.

काय उगवलं, वामन! कोणी बुटकं, कोणी ताडमाड, कोणी आधीच निसवून बसलं तर कोणी पानातच गुंतलेलं, काही कणसांत फुलोरा आला पण दाणाच भरला नाही. वकीलसाहेब त्या वर्षी माझ्यासोबत आले होते. धुऱ्यावर उभं राहून, चष्मा पुसून म्हणाले, "वामनराव, हे वावर आहे की आमच्या कोर्टाचं आवार? सगळ्या उंचीची माणसं आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही." तू त्यांच्यापेक्षा जोरात हसलास. पण संध्याकाळी हातपाय धुताना मला म्हणालास, "भाऊजी हसले, ठीक. पन आपल्या हातानं निवडलेलं बियानं आपलं आयकत नाई, हे मले काही बरं वाटून नाई राह्यलं." त्या एका गोष्टीवर आपलं दोघांचं एकमत होतं. फार काळ टिकलं नाही ते, कारण मग तू माझ्या पट्टीत शिरलास.

माझ्या वानीत घरजावई घुसले होते. हे नाव सरूबाईचं. सगळी वानी पानावर असताना चार-दोन झाडं आधीच निसवून, जाड बुडख्याची, अंगाने दांडगी, शेजारच्यांचं ऊन अडवून उभी होती. सरूबाई म्हणाली, "सगळ्याईच्या आंधी जेवाले बसते अन् जागा बी जास्त घेते, घरजावईच हाय हा." आदल्या वर्षी काय झालं होतं ते मग कळलं. तुझं हायब्रीड लवकर फुललं खरं, पण त्याला बुडाशी मागाहून फुटवे आले, ते माझ्या वानीबरोबर फुलोऱ्यात आले, आणि वाऱ्याने त्यांचं पीठ, म्हणजे पराग, माझ्या कणसांवर आणून टाकलं. मी निवडलेल्या आईच्या बियाण्यात तुझं हायब्रीड मिसळलं होतं. मी त्या झाडाचा एक दाणा चावून पाहिला. वानी नव्हती ती.

तेव्हा मात्र मी खरंच घाबरले होते, वामन. तुला तसं दिसू दिलं नाही, ओरडले. आई गेली, तिचं घर तुझं झालं, तिचं डोरलं गोदाच्या गळ्यात गेलं, आणि ते तसंच व्हायला हवं होतं. माझ्याकडे तिची एवढीच गोष्ट होती, तिच्या जिभेने निवडलेली चव. आणि ती वाऱ्यावर चालली होती. मी ती झाडं उपटायला वाकले. तू माझा हात धरलास.

"एखांदा राहू दे ना, आक्का. पाहू तरी काय निंगते त्याच्यातून."

"माह्या पट्टीत नाई."

"अवं, जवारीच हाय थे. साप नाई."

मी उपटले. सगळे. पुढेही झडलेल्या दाण्यातून एखादा उगवायचाच; दर वर्षी तू तेच म्हणायचास आणि दर वर्षी मी उपटायचे. हेच ते अर्ध्यावर राहिलेलं भांडण.

पण तू काय केलंस? कोणाला न सांगता बस धरून अकोल्याच्या शेतकी कॉलेजात गेलास, तिथल्या कोणा मास्तरांना विचारून आलास आणि मला म्हणालास, "कनीस निसवलं का त्याच्या तोंडाले पिशवी बांधायची. बाहेरचं पीठ आत जात नाई, आतलं आतच बसते. बियान्यापुरती कनसं बांधली का झालं. आक्का, शिवाले बस." हे तूच बोललास, हायब्रीडवाला. तू वर म्हणालास, "माह्या वावरानं तुह्या पट्टीत पाय टाकला, मंग मलेच पाहा लागन ना."

कागदाच्या पिशव्या पहिल्याच दवाने फाटल्या. मग मी माझी जुनी लुगडी काढली, विरलेली, वारा खेळता राहील अशी, आणि नाडीच्या पिशव्या शिवल्या. शिवता शिवता हाताला सवय ती लागलीच, टोकाला चुणी आणि खाली झालर. तू हातात घेऊन म्हणालास, "हे तं कुंची हाय वं!" खरंच कुंची झाली होती, तान्ह्या बाळाची. आता उसवत कोण बसणार? तू फांदीची शिडी लावून एकेक कणीस हळूच वाकवायचास, कुंची चढवायचास आणि नाडी बांधायचास. तुझे ते राकट हात, वखराच्या रुमण्याने घट्टे पडलेले, आणि नाडीची ती इवलीशी गाठ! गाठ मारताना तुझी जीभ बाहेर यायची, लहानपणी पाटीवर अक्षर गिरवताना यायची तशी.

सरूबाई धुऱ्यावर येऊन उभी राहिली. खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अवं माय! वावरात पाळना हालला अन् शेजारनीले सांगावा नाई?"

तू म्हणालास, "उद्या बारसं हाय. या."

तू थट्टेत म्हणालास, पण सरूबाईशी थट्टा करायची म्हणजे काय ते तुला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी निंदणाच्या सगळ्या बाया घुगऱ्या घेऊन हजर! माझ्या पट्टीच्या धुऱ्यावर कडुनिंबाखाली बसल्या, गाणी म्हणायला लागल्या. कुंची घातलेली वानी वाऱ्यावर डोलत होती. सरूबाईने विचारलं, "बाप कोन?" सगळ्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. तुला कुंकू लावलं, हातात नारळ दिला आणि तू, एवढा मोठा पुरस्कर्ता, लाजून उभा राहिलास. मग ती म्हणाली, "बाप भाऊ, तं आत्या कोन?" आणि मला उठवलं. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. मी सगळ्यात पुढचं कणीस ओढून घेतलं, कुंचीला तोंड लावलं आणि आईचं नाव घेतलं.

धपाटे पडायला थोडा उशीर झाला. बायांनी ऐकलं होतं. तू मान फिरवून नाल्याकडे पाहायला लागलास. मग सरूबाईने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की आठवडाभर कूस बदलताना तिची आठवण यायची, आणि सगळं वावर हसलं. त्या वर्षीचं बियाणं शुद्ध निघालं. पुढच्या हुरड्याला मी दाणा दाताखाली धरला, आणि आई होती. तू विचारलंस, "आली का?" मी मान हलवली. एवढंच बोललो आपण.

आपलं सगळंच हसण्यावारी गेलं असं नाही. पुढच्या साली हायब्रीडवर कीड पडली. देशी ज्वारीवर ती एवढी कधी पडत नसे. ग्रामसेवकांनी औषध आणलं, तू तोंडाला फडकं बांधून मारलंस. कीड गेली. मग धुऱ्यावरच्या कडुनिंबाचं मोहोळ गेलं. मी आले तेव्हा तू खाली बसून मेलेल्या माश्या तळहातावर घेऊन पाहत होतास. म्हणालास, "आक्का, कीड मेली थे बरं झालं. पन ह्या माश्याईनं काय केल्तं?" भांडायला इतकी चांगली संधी मला पुन्हा मिळाली नसती. पण मी तुझ्याजवळ बसले. बाभळीवरचे सुगरणीचे खोपेही त्या वर्षी रिकामे लोंबत होते. ज्या पाखरांना आपण गोफणीने हाकललं, तीच नाहीत म्हणून तू कासावीस झालास, हे पाहून मला तुझी फार माया आली.

हायब्रीड तू सोडलं नाहीस. कणगी रिकामी ठेवायची तुझी तयारी नव्हती. पण कडुनिंबाच्या आणि माझ्या पट्टीच्या आजूबाजूला औषध बंद केलंस. तेवढ्या भागात किडीने पोंगा, म्हणजे मधला कोंब, वाळलेली झाडं हाताने उपटायचास, सकाळभर कमरेतून वाकून. काही पिकलं, काही गेलं. आणि एक दिवस अमरावतीच्या बस स्टँडवर कंडक्टरने मला गाठलं, म्हणाला, "वकीलीनबाई, तुमच्या भावानं निरोप देल्ला, पाव्हने वापस आले म्हनून सांगजा." मला क्षणभर कळेना कोण पाहुणे. मग कळलं आणि मी तिथेच, भाजीची पिशवी हातात घेऊन, एकटीच हसत उभी राहिले. मोहोळ पुन्हा लागलं होतं.

असा निरोप धाडणारा भाऊ मला मिळाला, वामन. आणखी काय मागायचं असतं माणसाने?

यंदा वानी निसवायला लागली आणि मी कुंच्या घेऊन निघायच्या तयारीत होते. ट्रंकेत वर ठेवल्या होत्या. त्याऐवजी तुझी बातमी आली. मग दिवस कसे गेले ते सांगत नाही, तुला ते सांगून काय उपयोग. कोणालाच पट्टीची आठवण झाली नाही. परवा सुतकाची, मग भेटायला येणाऱ्यांची सगळी वर्दळ ओसरल्यावर मी आणि गोदा वावरात गेलो. वानी फुलून गेली होती. दाणा दुधावर आला होता. सगळी कणसं उघड्या डोक्याने उभी होती, एकालाही कुंची नाही. आजूबाजूला तुझ्या हायब्रीडचे फुटवे, त्यांचाही फुलोरा नुकताच झडलेला. सगळा दसरा-दिवाळीभर तुझं वावर माझ्या पट्टीत वाऱ्याने ये-जा करत होतं.

गोदा घाबरून माझ्याकडे पाहायला लागली. म्हणाली, "आक्का, यंदाचं बियानं गेलं वं."

मी म्हटलं, गेलं नाही. आईची वानी गोदाच्या चुलीवर टांगलेली आहे, मागच्या सालची जुडी आणि त्याच्या आधीचीही. ती मी जपेन, पुढच्या दसऱ्याला तिला कुंच्या घालीन, तू नसलास तरी. शिडीवर गोदा चढेल, मी खालून ओरडेन. आवाजाची उणीव भासू देणार नाही.

वर्षाच्या आत सण करत नाहीत असं कोणी कोणी म्हणालं. गोदा म्हणाली, "हुरडा सन नाई. हुरडा खानं व्हय." आणि तिनेच गोवऱ्या रचल्या. सरूबाई आली, वांग्याचं भरीत घेऊन. पहिली कणसं भाजून निघाली, हातावर चोळून फुंकली, आणि तुझ्या वाटचा घास कडुनिंबाच्या बुडाशी ठेवला. वर मोहोळ गुणगुणत होतं. मग आम्ही खाल्लं. गोड होतं रे. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आम्ही तिघी सरपंचांची नक्कल करत हसत होतो.

जाताना मी पट्टीत गेले आणि तुझ्या फुटव्यांना अगदी लागून असलेलं एक कणीस मोडून घेतलं. ते वेगळ्या धाग्याने बांधून टांगायला सांगितलं आहे, जुडीपासून लांब. मृगाला त्याची एक ओळ पेरीन, धुऱ्याकडे, कडुनिंबाखाली. घरजावई निघतीलच त्यात, सगळ्यांच्या आधी निसवणारे, जागा अडवणारे, दांडगे. सगळे ठेवायचे नाहीत, एवढी काही मी बदलले नाही. पण एक ठेवीन. उपटणार नाही. पाहू तरी काय निघतं त्यातून.

हुरडा बेचव निघाला, तर तुला ऐकून घ्यावं लागेल. चांगला निघाला, तर मला. आणि निसवला की सरूबाईला सांगावा धाडायचा आहे, घुगऱ्या करायच्या आहेत. बारसं करायचं आहे त्याचं. आत्या मीच. नाव कानात हळू सांगायची रीत आहे, पण तुझं आहे म्हणून नाल्यापलीकडे ऐकू जाईल असं सांगीन.